खेळ हातोहात फिरावा



आमच्या घरी सध्या एका पाहुण्याची फार चर्चा चालते. तो कधी येणार हे कुणाला ठाऊक नाही, केवढ्याला पडणार हे ठाऊक नाही आणि त्याचं तोंडही कुणी पाहिलेलं नाही. तरी माझा पुतण्या आणि त्याचे मित्र ओट्यावर बसून त्याच्याविषयी असे बोलतात, की जणू सोयरीक ठरली आहे आणि फक्त तारीख काढायची बाकी आहे. हा पाहुणा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं नवं यंत्र. मुलं त्याला कन्सोल म्हणतात. सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि निंटेंडोचा स्विच ही त्यातली तीन मोठी घराणी. यांची पुढची पिढी कशी असेल, हा मुलांचा रोजचा विषय.

मी कवी माणूस. पन्नाशी उलटलेली. अंगठ्याने बटणं दाबून राक्षस मारण्यात मला गती नाही. पण मुलांचं बोलणं कानावर पडतं. ऐकता ऐकता लक्षात आलं, की यांचे प्रश्न पोरकट नाहीत. विकत घेतलेली वस्तू खरोखर आपली होते का? ती आपण दुसऱ्याला देऊ शकतो का? ती आपल्या भाषेत बोलेल का? आणि आपल्यासारख्या आडबाजूच्या गावाचा विचार ती बनवणाऱ्यांनी केलेला असतो का? हे प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटलेले नाहीत. त्यांवरच आज चार गोष्टी सांगाव्यात असं मनात आहे.

वाट बघणं आम्हा माणदेशी लोकांना शिकवावं लागत नाही. माण तालुका हा सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला भाग. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला वारा येतो. पावसाची वाट बघायची, उरमोडीच्या पाण्याची बघायची, जिहे-कठापूरच्या पाण्याची बघायची, यातच पिढ्या गेल्या. त्यातून एक शहाणपण मुरलेलं आहे. पहिल्या पावसाला भुलून पेरू नये. माती उकरावी, ओल किती खोल गेली ते पाहावं आणि मग पाभर जुंपावी. मुलांच्या चर्चेतही मला हेच दिसतं. एक जण आशेने बोलतो, दुसरा लगेच ओल तपासतो.

आतापर्यंत पाऊस किती पडला, तर शिंतोडेच. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीबरोबर पुढच्या एक्सबॉक्सचं काम सुरू असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोनीचे यंत्ररचनाकार मार्क सर्नी याच एएमडीच्या अधिकाऱ्याबरोबर एका चित्रफितीत दिसले. चित्र अधिक खरं वाटावं, प्रकाश आणि सावली नैसर्गिक पडावी, यासाठी चाललेल्या प्रयोगांविषयी ते बोलले आणि हे सारं काही वर्षांनी येणाऱ्या यंत्रात आणायची इच्छा त्यांनी बोलून दाखवली. चित्रफितीत ना किंमत होती, ना तारीख. पण मुलांना तेवढं पुरे झालं.

यात नवं काही नाही. आमच्या भागात या खेळांनी पाय ठेवला तो नव्वदच्या दशकात. तेव्हा कुणी कन्सोल म्हणत नसे, सरळ 'व्हिडिओ गेम' म्हणत. निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला यात्रेजत्रेत आणि तालुक्याच्या दुकानांत मिळायच्या. गेमच्या प्लॅस्टिकच्या वडीला मुलं 'कॅसेट' म्हणत. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाने फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. मारिओ आणि काँट्रा ही नावं म्हसवड, दहिवडीच्या पोरांना त्या फुंकरीसकट पाठ झाली. यंत्र एखाद्याच घरी असायचं. कॅसेटी मात्र साऱ्या आळीच्या असायच्या. तू मला मारिओ दे, मी तुला काँट्रा देतो, असा व्यवहार चाले आणि त्याची नोंद कुणी ठेवत नसे.

पुढे प्लेस्टेशन-२ आला. हा जपानमध्ये मार्च २००० मध्ये निघाला आणि जगभर त्याची पंधरा कोटींहून जास्त यंत्रं खपली. आमच्याकडे तो उशिरा आणि वाकड्या वाटेने पोचला. माणदेशातली कितीतरी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. पार दिल्लीपासून केरळपर्यंत त्यांची दुकानं. यात्रेला गावी येताना कुणी दिल्लीच्या पालिका बाजारातून, कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हे यंत्र आणी. एका घरात यंत्र आणि दहा घरांतली पोरं, असा हिशेब. त्या वर्षांत खेड्यात बारा बारा तास भारनियमन असायचं. वीज येण्याची वेळ मुलांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा चांगली पाठ असे. मध्येच वीज गेली की सगळी मेहनत पाण्यात. पण वीज आली की पुन्हा पहिल्यापासून, तेवढ्याच हुरूपाने.

या साऱ्यात एक गोष्ट नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आमच्याकडे हा खेळ वाढला तो हातोहात फिरून. घरटी एक यंत्र घ्यावं अशी ऐपत या भागात कधीच नव्हती. म्हणून नव्या यंत्राची वार्ता आली की शहरातला मुलगा विचारतो, चित्र किती सुंदर दिसेल? आमच्याकडचा मुलगा विचारतो, डिस्क असेल का?

या प्रश्नाकडे मी येतोच. त्याआधी पैशाचं बोलू. भारतात प्लेस्टेशन-५ विकायला आला तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी, डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ५४,९९० झाली. पूर्वी यंत्र जुनं झालं की स्वस्त व्हायचं. या वेळी वर्षं उलटली तशी किंमत वर गेली. आता आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने या एका यंत्राला १७६ दिवसांची मजुरी लागते. हमी होती वर्षाला शंभर दिवसांची. म्हणजे हमीचे सगळे दिवस भरले, घरात एक पैसा खर्च केला नाही, तरी यंत्र दुसऱ्या वर्षावर जातं. ज्या मुलुखाने १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, त्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. यात आयातीचा खर्च आहे, कर आहेत, रुपयाची घसरण आहे. कारणं असतील. पण मुलं यात्रेचे आणि ईदीचे पैसे डब्यात साठवतात. डबा वर्षात जेवढा भरतो त्यापेक्षा किंमत जास्त वाढली, तर त्या डब्याला काय अर्थ उरतो?

दुसरी काळजी उशिराची. प्लेस्टेशन-५ अमेरिका आणि जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० रोजी आला, आपल्याकडे जवळजवळ तीन महिन्यांनी. जानेवारीत नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांत सगळी यंत्रं संपली. त्याहून गमतीची गोष्ट २०२४ची. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन-५ प्रो हे अधिक ताकदीचं यंत्र काढलं. ते तेव्हा भारतात आलं नाही. कारण काय, तर त्यातलं वायफाय ज्या सहा गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतं, त्यांना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. पुढे मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने या लहरींचा काही भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. म्हणजे दहिवडीतल्या पोराचा खेळ अडतो कुठे, तर दिल्लीतल्या फायलीत. पाण्याच्या योजनांमुळे आम्हाला हे नवीन नाही. मुलांना मात्र ते लहान वयात कळलं.

तिसरी काळजी पहिल्या खेपेची, म्हणजे आपल्या पहिल्या पावसाची. एक्सबॉक्स ३६० हे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आलं आणि सप्टेंबर २००६ मध्ये भारतात. अक्षयकुमार आणि युवराजसिंग त्याची जाहिरात करत. पण यंत्रं आतून तापून बंद पडू लागली. बटणाभोवती लाल दिवे लागायचे आणि खेळ खलास. तक्रारींचा एवढा पूर आला की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठी तीन वर्षांची हमी द्यावी लागली आणि दुरुस्तीपोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. तेव्हापासून जाणती मुलं सांगतात, पहिल्या खेपेला हात लावू नका, वर्षभर थांबा. आमचे आजोबाही यापेक्षा वेगळं काय सांगत होते?

आता डिस्क. श्रोत्यांपैकी ज्यांना हे अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी गेम म्हणजे कॅसेट होती, मग सीडीसारखी चकती आली. ती दुकानातून आणायची, यंत्रात घालायची आणि खेळायची. खेळून झालं की मित्राला द्यायची, नाहीतर अर्ध्या किमतीत विकून दुसरी घ्यायची. आता गेम इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरवून घेता येतो. दुकानात जायला नको, चकती हरवायला नको, अर्ध्या रात्री घेता येतो. सोय आहे, हे मान्य. पण असा घेतलेला गेम तुमच्या खात्याला बांधलेला असतो. तो चकतीसारखा उचलून शेजारच्या पोराच्या हातात देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही.

या प्रश्नावर एकदा मोठी लढाई झाली आणि ती खेळणाऱ्यांनी जिंकली. साल २०१३. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या नव्या यंत्राची घोषणा केली आणि नियम सांगितले. यंत्राने चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी लावली पाहिजे, नाहीतर खेळ चालणार नाही. वापरलेली चकती दुसऱ्याला देण्या-विकण्यावरही बंधनं. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचं काय, असं विचारल्यावर कंपनीचे त्या वेळचे अधिकारी डॉन मॅट्रिक म्हणाले, त्यांच्यासाठी आमचं एक्सबॉक्स ३६० आहेच. म्हणजे ज्याच्या गावात रेंज नाही, त्याने जुन्यावर भागवावं. जगभर संताप उसळला. १० जूनला सोनीने आपल्या प्लेस्टेशन-४ विषयी सांगताना काही सेकंदांची एक चित्रफीत दाखवली. गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, हे शिकवणारी. त्यात एक माणूस गेमची डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा आभार मानतो, संपलं. आपल्याकडच्या पोरांनी वर्षानुवर्षं कट्ट्यावर जे केलं, तेच. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने आपले नियम मागे घेतले. दहा दिवसांचाही अवधी गेला नव्हता.

माझ्या दृष्टीने या गोष्टीत सगळं सार आहे. एवढी अवाढव्य कंपनी, पण गिऱ्हाईक एका आवाजात बोललं तर ती माघार घेते. आणि ते बोलले यंत्र बाजारात येण्याआधी. विकत घेतल्यावर कुरकुरण्यात हशील नसतं. बैल बाजारातच दात बघून घ्यायचा असतो.

पण जिंकलेली लढाईसुद्धा हळूहळू हातची जाऊ शकते. प्लेस्टेशन-५ निघाला तो दोन रूपांत, एक चकती घालायच्या खाचेसह आणि एक तिच्याविना. २०२४च्या प्रो यंत्राला ती खाच दिलेलीच नाही, हवी तर वेगळे पैसे मोजून बसवून घ्यायची. जून २०२५ मध्ये निंटेंडोचा स्विच-२ आला. त्याच्या काही कॅसेटींमध्ये गेम नसतोच, फक्त किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि कॅसेट लावून तो उघडायचा. ती कॅसेट दुसऱ्याला देता येते, हे खरं. पण घेणाऱ्यालाही पुन्हा सगळा गेम उतरवावा लागतो. मुलं म्हणतात, ही शेंग नाही चाचा, टरफल आहे. आता मोठा गेम शंभर जीबीच्या घरात जातो. ज्या पोराकडे रोजच्या दोन जीबीचा मोबाइल पॅक आहे, त्याने घरच्यांना फोन लावू दिला नाही, एकही गाणं ऐकलं नाही, तरी गेम उतरायला पन्नास दिवस लागतील. तोवर दुसरा गेम बाजारात येतो. म्हणून पुढच्या यंत्रात चकतीची खाच असेल का, हा प्रश्न आमच्या ओट्यावर एवढ्या कळकळीने विचारला जातो.

याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. जुन्या श्रोत्यांना रेडिओचं लायसन्स आठवत असेल. रेडिओ आपल्या पैशाने घ्यायचा, पण तो ऐकायला पोस्टात जाऊन परवाना काढायचा आणि दरवर्षी पैसे भरून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. आमच्या अब्बांनी ते पुस्तक रेशनकार्डाबरोबर कपाटात जपून ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती पद्धत बंद झाली आणि रेडिओ खऱ्या अर्थाने आपला झाला. आता गंमत पाहा. इंटरनेटवरून गेम घेताना 'विकत घ्या' असं बटण असतं, पण मिळतो तो परवानाच. वस्तू त्यांची, आपल्याला फक्त वापरायची मुभा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला, की गिऱ्हाइकाला परवाना मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'विकत घ्या' म्हणून फसवू नका.

परवान्याचं पुढे काय होतं तेही सांगतो. युबिसॉफ्ट या कंपनीचा 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा गेम होता. २०१४ साली निघालेला. लोकांनी पैसे मोजून घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि तो गेम सगळ्यांच्या घरात एकाच दिवशी मेला. चकती ज्यांच्याकडे होती, त्यांचीही चकती गप्प झाली. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ असा मारून टाकू नका, या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. सह्या करणारे कोण? बहुतेक आपल्या मुलांसारखीच मुलं, जी रिकामटेकडी आहेत असा आपला समज असतो.

मी पुस्तकांच्या जगातला माणूस, म्हणून हे मला जास्त लागतं. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रती फार निघाल्या नाहीत. पण एक प्रत मला काही वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडली. त्यावर तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन नावं होती आणि एका कवितेखाली पेन्सिलीची रेघ होती. कवीला यापेक्षा मोठं बक्षीस नाही. पहिल्याने पैसे दिले, पुढच्या दोघांनी दिले नाहीत. मला त्याचं दुःख वाटलं नाही. वाचकच असे तयार होतात. गेम बनवणाऱ्यांचंही पोट आहे, त्यांची मेहनत फुकट जाऊ नये आणि चोरीच्या नकला मी काही योग्य म्हणणार नाही. पण चोरी वेगळी आणि विकत घेतलेली चकती मित्राला देणं वेगळं. आज उसनी चकती खेळणारा मुलगाच उद्या कमावता झाल्यावर नवा गेम घेतो.

आता जुन्या खेळांविषयी. नवं यंत्र आलं की जुन्या चकत्यांचं काय करायचं? प्लेस्टेशन-२ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनच्या चकत्या चालत. प्लेस्टेशन-३ च्या सुरुवातीच्या यंत्रांत प्लेस्टेशन-२ च्या चालत, पुढच्या यंत्रांतून ती सोय काढली. प्लेस्टेशन-४ मध्ये तिसऱ्याच्या चकत्या चालल्याच नाहीत. प्लेस्टेशन-५ मध्ये चौथ्याचे बहुतेक गेम चालतात. स्विच-२ वरही जुन्या स्विचचे बहुतेक चालतात. म्हणजे मनात आणलं तर करता येतं. सून घरात आली म्हणून सासूला बाहेर काढायचं कारण नाही. मुलांची अपेक्षा एवढीच, की साठवलेली शिदोरी नव्या घरातही उपयोगी पडावी.

शेवटची आणि माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट भाषेची. प्लेस्टेशन-५ बाजारात आला तेव्हा त्याच्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती. आमच्या घरात दखनी बोलली जाते, मी लिहितो मराठीत, मुलं शिकतात मराठीत आणि खेळतात इंग्रजीत. 'सेव्ह', 'लोड', 'क्विट' एवढं त्यांना जमतं. पण मी एकदा पुतण्याला विचारलं, या गोष्टीतला बाप मुलाला काय सांगतोय? तो म्हणाला, "ते मी पुढे ढकलतो, चाचा. फार बोलतात ते." माझ्या मनाला ते लागलं. हल्लीच्या कित्येक गेममध्ये चांगल्या कादंबरीसारखी गोष्ट असते, वियोग असतो, पश्चात्ताप असतो. भाषा कळली नाही की ते सगळं गळून पडतं आणि हातात उरते फक्त मारामारी. मग आपण म्हणतो, गेममुळे पोरं हिंसक होतात. त्यांच्यापर्यंत अर्धाच खेळ पोचतो, त्याला ती काय करणार?

आपल्याकडे गेम बनत नाहीत असं नाही. २००९ साली प्लेस्टेशन-२ साठी 'देसी अड्डा' नावाचा गेम आला होता, त्यात कबड्डी होती, पतंग होते, विटीदांडूसुद्धा होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी 'राजी' नावाचा गेम केला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी काढून पाहिली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी चिकाटीने काम पुरं केलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम जगापुढे आला. कुठल्या यंत्रावर आला? निंटेंडोच्या स्विचवर. जे यंत्र निंटेंडोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलं नव्हतं! पुण्यात शिजवलेलं पान आधी परदेशात वाढलं गेलं. इतर यंत्रांवर तो काही आठवड्यांनी आला. २०२३ मध्ये सोनीने भारतातल्या गेम बनवणाऱ्यांना पैसा आणि मार्गदर्शन देण्यासाठी 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' जाहीर केला. हे चांगलं पाऊल आहे. पुढच्या यंत्राबरोबर त्यातून एखादा गेम मराठीत यावा, खिल्लार बैलांची शर्यत त्यात असावी, माळावरचा वारा असावा, अशी आशा केली तर ती वेडी म्हणता येणार नाही.

पालक हे ऐकून म्हणतील, कवीला काय जातंय बोलायला, अभ्यासाचं काय? काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली. रात्ररात्र जागणारं, जेवण विसरणारं पोर घरात असेल तर दुर्लक्ष करू नका. पण सगळ्या खेळांना एका दावणीला बांधू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तो जुगार होता, त्यात घरं बसली. टीव्हीपुढे चार मुलं एकत्र बसून फुटबॉलचा गेम खेळतात, ती गोष्ट निराळी आहे. मोबाइलमध्ये एकटं डोकं खुपसून बसण्यापेक्षा ती मला तरी बरी वाटते. चार पोरं एकत्र असली की भांडण होतं, समेट होतो आणि आईची हाक चौघांनाही ऐकू जाते.

तेव्हा नव्या यंत्राची वाट बघणाऱ्या मुलांना माझं सांगणं असं. वाट जरूर बघा, पण मुकाट्याने बघू नका. कंपन्या गिऱ्हाइकांची मतं मागवतात, तेव्हा लिहा, आणि मराठीत लिहा. चकतीची खाच मागा, जुने गेम चालवा म्हणून मागा, आमच्या भाषेत बोला म्हणून मागा. पहिली खेप दुसऱ्यांना घेऊ द्या. आणि गावातल्या मोठ्यांना, वाचनालयांच्या चालकांना एक विनंती. वाचनालयात पुस्तकाशेजारी एक यंत्र आणि दहा-वीस चकत्या ठेवायला काय हरकत आहे? नाव नोंदवून चकती न्यायची, आठ दिवसांनी परत आणायची. चकती आणायला आलेला मुलगा जाताना एखादं पुस्तकही नेईल. कन्सोल घरोघरी परवडणार नाही, पण गावाला मिळून परवडेल. विहीर तरी आपण दुसरं काय म्हणून खोदली होती?